दोन उजवे बैल

पोळ्याच्या दिवशी गिरिधरच्या दारात एकच बैल सजला होता. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, गळ्यात घुंगरमाळ, अंगावर नवी झूल. कशात काही कमी नव्हतं, तरी बघणाऱ्याला चुकचुकल्यासारखं व्हायचं. डोळ्यांना बैल जोडीनेच बघायची सवय असते. हौश्या बैलाची स्वतःची गतही तीच होती. तो घडीघडी मान वळवून शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचा आणि फुस्स करून पुन्हा समोर बघायचा.

ती जागा गुलब्याची. त्याला मृगाच्या आधीच परतूरच्या बाजारात विकलं होतं. त्याच्या पैशावर गिरिधरचा धाकटा मुलगा मुकुंद औरंगाबादेत बी.ए.च्या वर्गात बसला होता. कॉलेजच्या चार वर्षांतलं पहिलं शेळ्यांवर भागलं होतं, दुसऱ्याला म्हैस लागली. मग फी वाढली, खाणावळवाल्याने दर वाढवला, खोलीचं भाडं वाढलं. औरंगाबादेत सगळंच वाढत चाललं होतं. वाढत नव्हतं ते गिरिधरचं रान तेवढं. म्हणून तिसऱ्या वर्षाला बैल गेला.

दुपार कलली तशा गावातल्या जोड्या वेशीकडे निघाल्या. गिरिधरचा थोरला वामन हौश्याचा कासरा धरून मागेमागे चालला होता. चेहरा असा, की कुणी ओळखू नये. पण एवढंसं गाव, ओळखायचं राहतंय कोण? पारावर बसलेल्या रामरावने गिरिधरला गाठलंच.

"गिरिधर, खरं सांग," तो म्हणाला, "कॉलेजात पोरगं ठिवलंय का घरात वाघ बांधलाय? आधी शेळ्या गेल्या, मंग म्हैस गेली, आता बैल. पुढल्या साली तूच ऱ्हाशील बघ."

पार हसला. गिरिधरही हसला, कारण हसण्यावाचून इलाज नव्हता. वामन मात्र हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपला काही गुन्हा नसताना आपण चारचौघांत खाली बघायचं, आणि ज्याच्यापायी बघायचं तो तिकडे गादीवर लोळत पुस्तक वाचतोय, असं त्याला वाटलं. मुकुंदाजवळ गादी नव्हती, एक घोंगडी होती. पण रागात माणूस दुसऱ्याला गादीच देतो.

वेशीतल्या तोरणाजवळ भुजंग उभा होता. गिरिधरच्या बांधाला बांध असलेला हा म्हातारा हाडाचा हेकट. पण शब्दाला पक्का. त्याचाही एकच बैल. दुसरा उन्हाळ्यात रोगाने गेला होता. उरला होता नवाब. नवाब नाव भुजंगने उगाच ठेवलं नव्हतं. तो बैल मनात आल्याशिवाय पाऊल उचलत नसे.

एकट्या बैलाला एकटा बैल दिसला आणि गिरिधरला एकदम सुचलं.

"भुजंगा, तुझा एक, माझा एक. रब्बीच्या पेरणीला सावड करू. एक रोज तुझ्या रानात जोडी, एक रोज माझ्या."

भुजंगने हौश्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. उंची बराबर, वय बराबर, अंग बराबर.

"करू. पण पयला रोज माझा."

"तुझा."

दोघांनी हातावर हात मारला. हौश्या आणि नवाब शेजारीशेजारी तोरणाखालून गेले. अंगाला अंग लावून, डौलात. कुणीतरी म्हणालंही, की जोडी शोभते. वामनची मान पोळ्याच्या दिवसात पहिल्यांदा वर झाली.

घरी बैलाला पुरणपोळी चारून माणसं जेवायला बसली. अंगणात अजून ऊन होतं. वामनने दोन पोळ्या मुकाट खाल्ल्या आणि मग विषय काढला.

"नाना, पुढल्या साली काय विकायचं?"

"बघू की," गिरिधर म्हणाला.

"बघू न्हाई. आजच बोला. औंदा पेरणी वापशात उरकली, तर पुढचं बघू. न्हाई उरकली, तर दिवाळीला आलेला मुकुंदा परत जायाचा न्हाई. रानात माणसं कमी पडून राह्यलीत, आन आपुन जोडी मोडून त्याचा खर्चा भरून राह्यलो."

"कबूल," गिरिधर म्हणाला. सावड ठरल्यामुळे त्याला हिंमत आली होती. पोळीवर आणखी तूप घे, म्हणून त्याने वामनलाच वाटी सरकवली.

दुर्गाबाई, म्हणजे दोघांची माय, चुलीजवळून ऐकत होती.  तिला मुकुंद शिकावा असंही वाटायचं आणि घरी यावा असंही वाटायचं. त्यामुळे काहीही झालं तरी तिचं अर्धं मन राजी राहणार होतं.

वामनची बायको प्रेमला तेवढी म्हणाली, "भावजी आले तर बरंच. निदान तुमचा राग वाटून घ्यायला कुणी ऱ्हाईल."

वामनचा राग शिक्षणावर होता आणि तो आजचा नव्हता. निजामाच्या अमलात गिरिधरने त्याला परतूरला ठेवून उर्दू शाळेत घातलं होतं. उर्दू आलं की गिरदावर, म्हणजे महसुलातला अंमलदार होतो, असा तेव्हा सगळ्यांचा समज. वामन सातवीत असताना पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि एका पावसाळ्यात त्याची विद्या जुन्या नाण्यासारखी चलनातून गेली. आता त्याची उर्दू एका कामाला यायची. बैलाला शिव्या देताना तो अस्सल उर्दूत देई, आणि त्या ऐकायला शेजारचे औत थांबवत.

उत्तरा नक्षत्राचा पाऊस चांगला लागला. चार-सहा दिवसांनी उघडीप पडली आणि काळ्या रानाला वापसा आला. मूठभर माती दाबली की लाडू व्हायचा, बोटाने टोकरलं की फुटायचा. ही वेळ फार थोडी असते. आधी पेरलं तर बी चिखलात कुजतं, नंतर पेरलं तर ढेकळात अडकतं. शिवाय वापसा सगळ्यांच्या रानाला एकदमच येतो, म्हणून पेरणीला कुणी कुणाला जोडी देत नाही. सावड असेल तरच.

ठरल्याप्रमाणे पहिला दिवस भुजंगचा. उजाडायलाच गिरिधर, वामन आणि प्रेमला त्याच्या रानात गेले. तिफण मांडली, जू आडवं ठेवलं. भुजंगने नवाबला सोडलं, वामनने हौश्याला सोडलं. दोन्ही बैल शहाण्यासारखे चालत आले, वळले आणि दोघेही जुवाच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

एका दारातून दोन नवरदेव एकदम घुसावेत तसं झालं. हौश्याने नवाबला ढुसणी दिली. नवाबने शिंग फिरवलं. डावी बाजू तशीच मोकळी.

"हात्तिच्या," भुजंग म्हणाला. "तुमचाबी उजवाच?"

"तुझा डावा न्हाई?" गिरिधरने विचारलं.

"माझा डावा मेला की. मेला त्योच डावा."

जुवाखाली एका बाजूला चाललेला बैल जन्मभर त्याच बाजूला चालतो. हे गिरिधरला ठाऊक नव्हतं असं नाही. दुधाचे दात पडायच्या आधीपासून तो बैलांमागे होता. भुजंग तर त्याहून जुना. या दोघांनी भर वेशीत सगळ्या गावादेखत सावड ठरवली, उंची पाहिली, वय पाहिलं आणि बाजू पाहायची राहून गेली. गिरिधर मटकन ढेकळावर बसला.

"नाना," वामन म्हणाला, "समदी जिंदगी बैलामागं गेली तुमची."

"पोळ्याला मानंवर जू असतंय का रे?" गिरिधर हळूच म्हणाला. "झूल घातलेला बैल कोण्या बी बाजूनं चालतंय."

प्रेमलाने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. वामनने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि मग त्याला स्वतःलाच हसू फुटलं. थोडा वेळ त्या रानात चारही माणसं हसत होती आणि दोन बैल एका जागेसाठी भांडत होते.

हसून झाल्यावर प्रश्न तसाच राहिला. एका बैलाला बाजू बदलणं भाग होतं.

"माझा नवाब हलायचा न्हाई," भुजंगने सांगून टाकलं. "सावड मागाया कोण आल्तं?"

म्हणजे हौश्यानेच डावीकडे जायचं. आठ वर्षं उजवीकडे चाललेल्या बैलाला डावं शिकवायचं, आणि तेही वापसा डोक्यावर असताना.

हे काम वामनने स्वतःकडे घेतलं. तिफण बाजूला ठेवली आणि जुवाला एक ओंडका बांधून तो दोघांना पडीत फिरवू लागला. हौश्याला डावीकडे जुंपलं की तो मागचं अंग बाहेर काढायचा, तिरपा चालायचा आणि वळणावर हटकून चुकीच्या अंगाला झुकायचा. वामन त्याच्या बरगडीला खांदा लावून चालायचा. बैल बाहेर रेटायचा, वामन आत रेटायचा. दुपारपर्यंत वामनच्या खांद्याची कातडी सोलली. उर्दू शिव्या सगळ्या संपल्या, मग त्याने मराठीतल्या काढल्या. शेजारच्या रानातले लोक पेरता पेरता ऐकत होते. त्यांची पेरणी पुढे सरकत होती आणि यांची शाळा चालली होती.

दुसऱ्या दिवशी शिव्या कमी झाल्या. वामनने कमरेला गुळाचा खडा बांधून नेला. हौश्या दहा पावलं सरळ चालला की तो खडा चाटवायचा. "चल माझ्या राजा, हाय हाय, इकडं, बिलकुल तसंच," असं त्याच्या कानाशी बोलत चालायचा. प्रेमला भाकरी घेऊन आली तर तिला वाटलं, हा माणूस माझ्याशी असं कधी बोलला नाही. तसं तिने बोलूनही दाखवलं. वामन म्हणाला, "तू डाव्या बाजूला चाल, मंग बघू."

त्याच दुपारी वळणावर हौश्या गोंधळला, उलटा फिरला आणि त्याचा मागचा खूर वामनच्या डाव्या पावलावर पडला. वामन खाली बसला. त्याने आवाज केला नाही, पण तोंड पांढरं पडलं. अंगठ्याचं नख काळं झालं, पाऊल सुजून भाकरीएवढं झालं. प्रेमलाने घरी हळद-तेल गरम करून लावलं, वर एरंडाचं पान बांधलं.

"बैलाला डावं शिकवता शिकवता सोताचं डावं घालवून बसले," ती म्हणाली. पण पान तिने दोनदा सोडून पुन्हा बांधलं.

तिसऱ्या दिवशी वामन काठी टेकत रानात गेला. जू आडवं ठेवलेलं होतं. नवाब आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. हौश्या आला, क्षणभर थांबला, जुवाला वळसा घातला आणि आपल्या पायाने डावीकडे जाऊन उभा राहिला. त्याने मान खाली केली.

वामनला इतका आनंद झाला, की त्याला तो लपवता येईना. त्या दिवशी जो भेटेल त्याला तो न विचारता सांगत सुटला. गिरिधर म्हणाला, "शिकला की."

"शिकवलं म्हून शिकला," वामन म्हणाला.

पण या शिकवणीत वापशाचे दिवस गेले होते. भुजंगच्या रानात तिफण चालली, मग गिरिधरच्या, मग पुन्हा भुजंगच्या. ऊन करडं पडू लागलं होतं. सकाळी ओल बोटभर खाली असायची, दुपारी दोन बोटं खाली जायची. वामनला तिफणीमागे धड उभं राहता येत नव्हतं. गिरिधरने तिफण धरली तर अर्ध्या तासात त्याची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची आणि तो खोकत बांधावर बसायचा. गिरिधरचं निम्म्याहून जास्त रान पेरायचं राहिलं होतं. वामनची अट पुरी व्हायची लक्षणं दिसत होती. ती आठवण काढायला मात्र कुणी तयार नव्हतं, वामनसुद्धा.

अशात एका दिवशी दिवस मावळायच्या सुमारास मुकुंद दारात उभा राहिला. डोक्यावर पत्र्याची पेटी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाने भरलेले. परतूर ठेसनापासून दोन कोस तो चालत आला होता.

"आलास व्हय रे, बरं झालं," दुर्गाबाई म्हणाली, आणि त्याच्या पायावर पाणी घातल्यावर तिने विचारलं, "कामून आलास?"

किराणा भरायला औरंगाबादेला गेलेला गावातला रामकिसन मुकुंदाला भेटला होता. त्याने सगळं सांगितलं होतं. उसना बैल, वामनचं पाऊल, नानांची छाती.

"आता न्हाई जायाचं मला," मुकुंद म्हणाला. "दादानं पाय मोडून घ्यायचा आन मी तिकडं सावलीत बसून ऱ्हायचं, हे बराबर न्हाई. पुढल्या साली अजून खर्चा वाढणार हाय. किती दिवस हे?"

गिरिधर भिंतीला टेकून बसला. त्याला वाईट वाटलं, की बरं वाटलं, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. वामन खाटेवर पाय लांब करून बसला होता. त्याला हवं होतं ते न मागता दारात चालत आलं होतं. तो एवढंच म्हणाला, "जेव आधी."

दुसरा दिवस गिरिधरच्या रानाचा होता. मुकुंदाने वामनचं जुनं धोतर कासोटा मारून नेसलं आणि तिफण धरली. प्रेमला चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यावर मूठ धरून चालू लागली. वामन बांधावर बसला, सुजलेला पाय धोंड्यावर ठेवून.

मुकुंद विसरला असेल असं वामनला वाटलं होतं. तो काही विसरला नव्हता. तिफणीवर दाब नेमका, तास सुतासारखं सरळ, वळणावर हौश्याला फक्त एक हाक. हौश्याही त्याचं ऐकत होता. दोन तास झाले तरी पोराचा श्वास चढला नाही. गिरिधर बांधाबांधाने चालत त्याची तासं पाहत होता आणि मनातलं सरळ बोलत होता, "हात गेला न्हाई पोराचा. हात गेला न्हाई." त्याचं तोंड उजळून निघालं होतं. घरात एवढा धडधाकट गडी असला की कशाची ददात राहणार नाही, हे वामनलाही दिसत होतं. दोघे भाऊ मिळून हे रान फिरवतील, बैल परत घेतील, म्हैस परत घेतील. वामनला खरंच आनंद झाला होता. पण त्या आनंदात काहीतरी खुपत होतं, पायापेक्षा जास्त.

दुपारी दुर्गाबाई भाकरी घेऊन आली. बाभळीखाली सगळे बसले. पिठलं, ठेचा, कांदा. मुकुंद अधाशासारखा जेवत होता.

"आज आन आपली पुढची पाळी, बस," तो म्हणाला. "भुजंगमामाचा उद्याचा रोज गेला, की परवा समदं उरकतंय."

"भावजी, कॉलेजवाले इतकी सुट्टी देतेत व्हय?" प्रेमलाने सहज विचारलं.

मुकुंदाने कांदा फोडला. "उद्यापसून सहामाही परीक्षा हाय. तिला न्हाई बसलं की नाव कटतंय. कटू द्या."

 दुर्गाबाईने त्याच्या भाकरीवर पिठलं वाढलं. वामनने हातातला घास खाली ठेवला.

"म्हंजे आजून कटलं न्हाई?"

"आजून न्हाई."

"शिकून काय व्हशील तू?"

"म्हाइत न्हाई. मास्तर व्हईन, झालो तर."

"मास्तराच्या पगारात बैल येतो का?"

मुकुंदाने विचार केला. "येईल, वर्षभर पोट मारलं तर."

"मंग ह्यो तोटाच हाय."

"तोटाच हाय, दादा. म्हून तर आलो."

वामन ढेकूळ उचलून बोटांनी चुरत राहिला. मग त्याने मान खाली घालूनच विचारलं, "तुला करमतं का तिथं?"

 चोरी पकडल्यासारखा मुकुंदाचा चेहरा झाला.

"करमतं," तो म्हणाला. "लई करमतं."

"मंग ऊठ. आत्ता निघाला तर सांजची गाडी घावंल."

गिरिधरचा हात तोंडाजवळ थांबला. "आरं वामन, वापसा चाललाय. दोन रोजाचं काम हाय. तूच म्हणलास ना, पेरणी न्हाई उरकली तर..."

"म्हणलोतो, नाना. आता न्हाई म्हणत."

"पेरणी उरकू दे, दादा," मुकुंद म्हणाला. "मंग जाईन. सायबाच्या हातापाया पडून बघीन."

तेव्हा वामन जे बोलला ते त्याने आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं, प्रेमलालाही नाही.

"मीबी असंच म्हणलोतो. पोलीस ॲक्शनच्या साली परतूरवून घरी आल्तो तव्हा हीच पेरणी चालू होती. म्हणलं, पेरणी उरकली की जातो. पेरणी उरकली. शाळा पुन्ना सुरू झाली. मला कुणी जा म्हणलं न्हाई, आन मीबी कुणाला इचारलं न्हाई. जोंधळा निघाला, मंग लगीन झालं."

"तुला जायाचं होतं?" मुकुंदाने विचारलं.

"त्येच मला म्हाइत न्हाई. गेलो असतो तर कळलं असतं. उर्दू गेली तर गेली, दुसरं कायतरी शिकवलं असतं त्यांनी. नऊ वर्सं झाली, आजूनबी पेरणी आली की मला वाटतं, उरकलं की कुठंतरी जायाचं हाय."

गिरिधरने भाकरी खाली ठेवली. त्याने थोरल्या मुलाकडे पाहिलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच पाहतोय असं त्याला वाटलं. "मला वाटलं तुलाच नगं," तो म्हणाला. 

"जाऊ द्या, नाना. मी काय तुमच्यावर रुसून बसलोय का?" वामन म्हणाला. "ह्याला धाडा तेवढा."

दुर्गाबाईने डोळे पुसले आणि उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या. सोबत ठेचा दिला. मुकुंदाने विहिरीवर हातपाय धुतले, घरून पेटी आणली. निघताना तो वामनच्या पाया पडायला वाकला तर वामन ओरडला, "डाव्या पायाला हात लावू नको, दुखतंय." मग सगळ्यांना हसू आलं आणि ते बरं झालं. मुकुंद वाटेला लागला. ओढ्यापलीकडे जाईपर्यंत त्याने दोनदा मागे वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा वामनने त्याला हातानेच जल्दी जा म्हणून खुणावलं.

मग वामनने पायाला जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट आवळला आणि तिफण धरली. गिरिधर पुढे कासरा धरून चालला. खोकला आला की थांबायचा, उतरला की चालायचा. वामन डाव्या पायाची टाच टेकवत, तिफणीवर अंग टाकून ओढत राहिला. प्रेमला चाड्यावर. तिची मूठ चुकत नव्हती आणि ती एकदाही चेष्टा करत नव्हती, यावरून तिला काय वाटत होतं ते कळत होतं. दिवस बुडेपर्यंत त्यांनी पेरलं. पुढचा दिवस भुजंगचा. त्यानंतरच्या सकाळी ओढ्याकडच्या बाजूला रानाने पांढरं तोंड काढलं होतं. काठी मारली तर खणखण वाजत होतं. बाकीचं रान त्या दिवशी पेरून झालं, तेवढा तुकडा मात्र राहून गेला.

मुकुंद परीक्षेला बसला. गावात दोनचार दिवस चर्चा झाली, की हाताशी आलेला गडी वामनने हाकलून दिला. वामनला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या पायाचं काळं नख गळून पडलं आणि खालून नवं आलं.

थंडीत जोंधळा छातीला लागला. कणसं भरली. गिरिधरने भुजंगला हुरड्याला बोलावलं, कारण निम्मं पीक त्याच्या नवाबचं होतं. आगटी पेटली. वामन कणसं भाजून देत होता, गिरिधर चोळून देत होता, दुर्गाबाई तिळाची चटणी वाढत होती. भुजंगने पोटभर खाल्लं आणि पाय लांब केले. समोर हिरव्या रानाच्या कडेला ओढ्याकाठचा तो काळा तुकडा उघडा पडला होता. आजूबाजूला जोंधळा डोलत होता आणि तेवढ्या जागेत काही नव्हतं.

"वामन," भुजंग म्हणाला, "एवढं चांगलं रान बिनपेऱ्याचं ठिवलंस."

"ते आमी शिक्षणाला सोडलंय, मामा."

"शिक्षणाला?"

"लोक देवाला वळू सोडतेत न्हाई का? तसं."

भुजंगने जरा विचार केला. त्याला बोलण्यात हरायची सवय नव्हती.

"देवाला सोडलेला वळू घरच्या रानात ऱ्हात न्हाई, लेका. दुसऱ्याच्या रानात चरतो. औताला येत न्हाई, गाडीला येत न्हाई. मालकाला काय उपेग त्याचा?"

वामनने आगटीतून एक कणीस काढलं, तळहातावर फुंकून गार केलं आणि म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"चरू दे, मामा," तो म्हणाला. "कुठं का व्हईना, पोटभर चरू दे."